जमिनीलगत पसरणारे गुलाब: खरी मेहनत लागवडीआधीची

जमिनीलगत पसरणारे गुलाब लावले की पुढे काही बघावं लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. छाटणी, फवारणी आणि सुकलेली फुलं खुडणं यांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. तणाच्या बाबतीत मात्र अजिबात नाही. हे वाफे रोगाने क्वचितच बिघडतात, बहुतेक वेळा बिघडतात ते लव्हाळा आणि हरळीमुळे.

लव्हाळ्याचं पातं ओढलं की वरचा भाग हातात येतो आणि बारीक दोऱ्यासारखी मुळी मध्येच तुटते. गाठ खोल तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कोंब वर येतो. मोकळ्या वाफ्यात ती खणून काढता येते. तिच्यावर काटेरी फांद्यांची जाळी पसरली की हात घालणंही अवघड. म्हणून लागवडीआधी वाफा २५-३० सेंटीमीटर खणा, गाठी आणि हरळीच्या कांड्या वेचा, पाणी द्या आणि तीन-चार आठवडे थांबा. जे उगवेल ते पुन्हा खणून काढा. घाई असली तरी ही दुसरी फेरी टाळू नका. तणरोधक कापड अंथरायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. वर माती आणि पाला साचून त्यातच तण रुजतं, आणि गुलाबाच्या फांद्यांना मात्र जमिनीत मुळं धरता येत नाहीत.

जात निवडताना उंचीपेक्षा पसारा बघा. 'द फेअरी' ही १९३२ची जुनी जात अजूनही भरवशाची आहे. जर्मनीच्या वेर्नर नोआक यांच्या 'फ्लॉवर कार्पेट' गुलाबांची पानं चकचकीत असून रोगाला सहज बळी पडत नाहीत. शक्यतो स्वतःच्या मुळावरचं, म्हणजे कलम न केलेलं रोप घ्या. कलमी रोपाच्या खुंटाला (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याला) जमिनीखालून फुटवे येतात आणि दाट पसाऱ्यात ते लवकर दिसत नाहीत. फुटवा दिसलाच तर माती उकरून मुळापासून ओढून काढा. वरून कापला तर एकाचे चार होतात.

जागेला किमान सहा तास ऊन हवं आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. दोन रोपांत ६० ते ७५ सेंटीमीटर अंतर ठेवून तिरक्या ओळींत लावा, म्हणजे चौरस मीटरला दोन-तीन रोपं बसतात. याहून दाट लावली तर जमीन लवकर झाकते खरी, पण आत हवा खेळत नाही आणि पानं ओली राहतात. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहिलं तरी पुरतं. झालरीसारख्या कडांचे काळे डाग पडतात, भोवती पान पिवळं होतं आणि गळतं. पाणी सकाळी, बुंध्याशीच द्यावं ते यासाठीच.

पहिल्या हंगामात आठवड्याला रोपामागे ८-१० लिटर पाणी एक-दोन वेळांत, सावकाश मुरेल असं द्या. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. पाच-सात सेंटीमीटर जाड पालापाचोळ्याचं किंवा सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला, मात्र ते खोडाला टेकू देऊ नका.

छाटणी वर्षातून एकदाच, थंडी सरताना फांदीवरचे डोळे (नव्या फुटीचे कोंब) फुगू लागले की. सगळं झुडूप साधारण एक तृतीयांश उंचीवर आणा. प्रत्येक डोळा मोजत बसायची गरज नाही, कुंपणाच्या कात्रीनेही भागतं. मेलेल्या आणि जुन्या जाड फांद्या तेवढ्या बुडातून काढा. मग चांगलं कुजलेलं शेणखत द्या. नत्राची खतं वरचेवर घातली तर कोवळी फूट भरमसाट येते आणि तिच्यावर मावा हमखास. कोरड्या उन्हाळ्यात पानं निस्तेज, करडी दिसली तर उलटून बघा. बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, काही दिवसांनी पुन्हा मारा. ऊन असल्याने पानं लगेच सुकतात.

मध्येच जमीन उघडी राहिली तर नवं रोप आणायलाच हवं असं नाही. शेजारची लांब, लवचीक फांदी त्या जागी वाकवा, जमिनीला टेकणाऱ्या भागाची साल खालून किंचित खरवडा, तारेच्या आकड्याने दाबा आणि वर मूठभर माती घालून ओलसर ठेवा. मुळं धरली की ती तिथेच वाढू द्या.