लेकाचं हर्नियाचं ऑपरेशन आणि ‘रात्री १२ नंतर काही नाही’

ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनबद्दल तक्रार नाही. राग आहे तो हॉस्पिटलने हातात दिलेल्या छापील कागदाचा. ‘रात्री १२ नंतर तोंडाने काहीही देऊ नये.’ पेशंट तीन वर्षांचा असो की साठ, नंबर सकाळी आठचा असो की दुपारचा, सगळ्यांना हाच कागद.

तपासण्या, विम्याची मंजुरी वगैरे सुरळीत झालं. भूल देणाऱ्या मॅडम आदल्या दिवशीच भेटल्या होत्या. दमा, अॅलर्जी, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का, सगळं नीट विचारून घेतलं. खोकला असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तर जाऊ दे.

सकाळी सातला आम्ही हजर. लहान मुलांना यादीत आधी घेतात, तसं आमचंही नाव वर होतं. मध्येच एक तातडीची केस आली. ते समजू शकते, पण आमचा नंबर दुपारवर गेलाय हे सांगायला कुणी फिरकलं नाही. पोरगं ‘पाणी, पाणी’ करतंय, ओठ सुकलेत, आणि शेजारच्या कॉटवर एक जण चहात बिस्किट बुडवून खातोय! सासूबाई म्हणाल्या, “घोटभर दे गं, कोण बघतंय?” मी दिलं नाही. भुलेत पोटातलं उलटून वर आलं तर फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणूनच उपाशी ठेवतात. चोरून पाजायचं आणि डॉक्टरांना सांगायचं नाही, हे तर सगळ्यात वाईट.

सिस्टरना विचारलं तर, “एनपीओ लिहिलंय ना ताई?” (एनपीओ म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही.) पुन्हा विचारलं तर तेच. मग मात्र मी काउंटरवरून हललेच नाही, मॅडमना फोन लावा म्हटलं. लावला एकदाचा. पलीकडून मॅडमच चिडल्या, “अजून पाणी दिलं नाही? द्या आत्ता!”

नियम असा आहे : खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. युरोपातल्या मुलांच्या भूलतज्ज्ञांनी तर २०१८ मध्ये पाण्याची मुदत एका तासावर आणली. म्हणजे मॅडमना सगळं ठाऊक, वॉर्डापर्यंत ते पोचलेलंच नाही. तेव्हा आदल्या दिवशीच विचारून घ्या : पाणी किती वाजेपर्यंत, आणि नंबर लांबला तर कुणाला फोन करायचा? त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

पुढचं पटकन उरकलं. मास्कने झोपवलं, मग माकडहाडाजवळ कॉडलचं इंजेक्शन. त्याने काही तास कमरेखाली दुखत नाही, पाय मात्र जड पडतात. उभं करायची घाई नको. हो, शुद्धीवर येताना काही मुलं बेभान रडतात, आईलाही ओळखत नाहीत. आमचा तसाच लाथा झाडत होता. थोड्या वेळाने आपोआप शांत झाला.

डिस्चार्ज कार्डावर दुखण्यासाठीचं पॅरासिटामॉलचं सिरप ‘गरजेनुसार’ लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून ‘दर सहा तासांनी, दोन दिवस’ केलं. कॉडल उतरायच्या आतच पहिला डोस द्यायचा, रडायची वाट बघायची नाही. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, किलोला १५ मिलिग्रॅम. आणि दुकानात ५ मिलीला १२० मिलिग्रॅमची बाटली मिळते तशी २५० चीही मिळते, त्यामुळे कार्डावरचा आकडा बाटलीशी जुळवल्याशिवाय काउंटर सोडू नका.