आगुंगची राख आणि सांगलीतला सोमवार

२७ नोव्हेंबर २०१७ रोजी, सोमवारी, बालीचे देनपसार विमानतळ तेथील वेळेनुसार सकाळी सातच्या सुमारास बंद झाले, तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार-पावणेपाच वाजले असतील. आगुंग ज्वालामुखीची राख विमानमार्गावर पसरली होती आणि धोक्याचा इशारा चौथ्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर नेण्यात आला होता. पहिल्याच दिवशी चारशेहून अधिक उड्डाणे रद्द होऊन सुमारे ५९,००० प्रवासी खोळंबले. विश्रामबागेतील आमच्या पर्यटन कार्यालयातून गेलेले एक नवविवाहित जोडपे त्यांत होते. क्वालालंपूरमार्गे मुंबईला येणारे त्यांचे विमान नेमके त्याच दुपारी होते.

हे आरक्षण ऑगस्टमधले. उबुडजवळ दरीच्या कडेला असलेले हॉटेल, व्हिलापुरता वेगळा पोहण्याचा तलाव, फुलांनी भरलेल्या टबातील स्नान, दोघांसाठी मालिश आणि एक दिवस बातुर सरोवराकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांत, असा तो बेत होता. सप्टेंबरच्या अखेरीस आगुंगखाली भूकंपाचे धक्के वाढले, लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले आणि मुलाच्या वडिलांनी सहल रद्द करण्याविषयी विचारणा केली. पुढे २९ ऑक्टोबरला इशारा एका पातळीने खाली आला आणि मंडळी निर्धास्त झाली. बातुरची कुंडे ज्या उष्णतेने तापतात ती ज्वालामुखीचीच, हे आम्हा व्यावसायिकांना ठाऊक असते. पण हनिमूनचे पॅकेज समजावून सांगताना गरम पाण्याचे वर्णन जितके रंगते, तितके ते तापवणाऱ्या आगीचे रंगत नाही.

कार्यालय उघडण्यापूर्वीच दोन्हीकडचे वडीलधारे दारात उभे होते. मुलाचे वडील मार्केट यार्डातील हळदीचे अडत व्यापारी. बोलणे मोजके, पण त्या दिवशी हातातील मोबाइलवर लाव्हाच्या लोटांचे चित्रण सुरू होते. ते कुठले नि कधीचे, याचा पत्ता नव्हता. “ताई, पोरं त्या डोंगराच्या पायथ्याला हायत का लांब हायत, तेवढं एक सांगा,” असे त्यांनी विचारले. मी भिंतीवरील नकाशा काढून टेबलावर पसरला. डोंगरापासून आठ ते दहा किलोमीटरचे क्षेत्र रिकामे करण्याचा आदेश होता आणि उबुड त्या वर्तुळाच्या बरेच बाहेर होते. आपल्या दंडोबाचा डोंगरही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच आहे, हेही मी सांगून पाहिले. त्याने कोणाचेही समाधान झाले नाही, आणि ते होण्यासारखेही नव्हते.

धोका जमिनीवर नसून आकाशात आहे, हे पटवणे सर्वांत अवघड गेले. ज्वालामुखीची राख चुलीतील राखेसारखी मऊ नसते. ती खडकाची आणि काचेची बारीक भुकटी असते. जेट इंजिनाच्या उष्णतेने ती वितळते आणि काहिलीच्या कडेला गुळाचा पाक थापून बसावा तशी आतील पात्यांवर घट्ट बसते. जून १९८२ मध्ये शेजारच्या जावा बेटावरील गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. राखेच्या ढगाखाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली, म्हणून ते विमान जाकार्ताला उतरू शकले. वैमानिकाच्या हवामान रडारवर ही राख दिसत नाही. एवढे ऐकल्यावर मुलाचे वडील म्हणाले, “मग विमान न्हाई सोडलं तेच बरं झालं.” तिथून पुढे बोलणे सोपे झाले.

खरा पेच होता तो निर्णयाचा. अनेक पर्यटक बसने बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुकला, तेथून फेरीने सामुद्रधुनी ओलांडून जावात आणि पुढे रस्त्याने सुराबायाच्या विमानतळाकडे निघाले होते. हा प्रवास बारा तासांहून अधिक, त्यात बंदरावरची गर्दी, आणि सुराबायाहून निघणाऱ्या विमानांत जागा मिळेल याची शाश्वती नाही. मुलीच्या मामांचा आग्रह या मार्गासाठी होता. माझे मत स्पष्ट होते: डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न आणि सुरक्षित अंतर असताना रस्त्यावर उतरणे शहाणपणाचे नाही, वारा फिरला की विमानतळ उघडेल. हॉटेलने एक रात्र विनामूल्य आणि पुढच्या रात्री सवलतीत देऊ केल्या. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तेथील भारतीय अधिकारी मदतीला असल्याचे कळवले, तेव्हा मामांचाही सूर उतरला.

संध्याकाळी मुलीशी व्हिडिओवर बोलणे झाले. ती हसत होती. तिथे हळद, तांदूळ आणि दही यांचा लुलूर नावाचा लेप लावतात. तो लावून घेताना आपल्याला दुसऱ्यांदा हळद लागली, असे ती सांगत होती, आणि सासऱ्यांनी लगेच त्या लेपाचा दर विचारून यार्डातील भावाशी ताडून पाहिला. मग ती एकाएकी गंभीर झाली. लेप लावणाऱ्या बाईंचे घर कारंगासेम जिल्ह्यात, डोंगराच्या उतारावर होते. आईवडील छावणीत, गाई कुठल्या तरी नातेवाइकाकडे, आणि त्या मात्र रोज ठरल्या वेळी कामावर. हे ऐकून मुलीच्या आई, ज्यांनी २००५ च्या कृष्णेच्या महापुरात शाळेच्या वर्गात दिवस काढले होते, फोनजवळ सरकल्या. छावणीत स्वयंपाक कोण करते, तान्ह्या पोरांना दूध मिळते का, असे प्रश्न त्या विचारत राहिल्या. त्यातील निम्म्यांची उत्तरे मुलीकडे नव्हती; ती त्या बाईंना विचारून दुसऱ्या दिवशी कळवत गेली.

वारा फिरला आणि बुधवारी, २९ तारखेला दुपारी विमानतळ उघडले. मागे साचलेल्या गर्दीमुळे आमच्या दोघांना शुक्रवारची जागा मिळाली. विम्याची पॉलिसी ऑगस्टमध्ये, म्हणजे सप्टेंबरचा इशारा जाहीर होण्यापूर्वी काढलेली होती, ही मोठीच जमेची बाजू ठरली. कारण आपत्ती सर्वांना ठाऊक झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीवरील दावा बहुधा फेटाळला जातो. विमान रद्द झाल्याचे प्रमाणपत्र, हॉटेलची बिले आणि पासपोर्टावरील शिक्के जोडून मी दावा दाखल केला. वाढीव मुक्काम आणि जेवणाचे पैसे मंजूर झाले. मालिश आणि लेपाचे बिल अपेक्षेप्रमाणे बाजूला काढण्यात आले, आणि ते मुलाच्या वडिलांनी कार्यालयात येऊन रोखीने चुकते केले.