मावशीचा अंगठा

बोलायला मावशीला दोन्ही हात मोकळे लागतात. बेळगावात, शहापूरच्या गल्लीत कट्ट्यावर बसून ती एखादं लग्न सांगायला लागली की नवऱ्यामुलाची उंची, मांडवाची रुंदी, पंगतीतली वाढ, सगळं हातांनीच उभं राहतं. आणि तिचं मेसेजचं ॲप म्हणतं, माइकवर अंगठा दाबून धरा, मग बोला.

त्यामुळे तिचा निरोप तुकड्यातुकड्यांनी येतो. "खानापूरच्या वन्सं आल्यात गे, आन् त्यांनी" हा पहिला तुकडा, चार सेकंदांचा. दुसऱ्यात नुसतं "हां!" तिसऱ्यात भाजीवाल्याची कानडी आरोळी. बटण वर सरकवलं की कुलूप लागतं, अंगठा सोडता येतो. पण ते कुलूप स्क्रीनवर दिसतं, आणि बोलताना मावशी समोर बघते, जणू मी तिथंच बसलेय.

वापरायला काय सोपं, काय अवघड हे तपासणाऱ्यांत याकोब नील्सन हे मोठं नाव. पाच माणसांना वापरायला द्या, बहुतेक अडचणी सापडतील, असं त्यांनी 2000 साली लिहिलं. आमच्या मावशीत एकटीत पाच जणं बसतात. वाचल्याची निळी टिक 2014 च्या नोव्हेंबरात आली, त्याच महिन्यात बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं. मावशीनं दोन्हींची दखल घेतलेली नाही.

परवा कुलूप नेमकं लागलं. चुकून. "बेळगावला येताना कोण कुंदा आणतंय काय?" इथपासून पुढचं सगळं अखंड, आणि तेही घरच्या ग्रुपवर. कुंदा म्हणजे बेळगावचीच मिठाई, आणि ग्रुपात वन्सं आहेतच. पुसायला गेली तर फोन कानडीत. दुकानदारानं तसाच लावून दिलेला. मावशी कानडी फडाफडा बोलते, वाचताना मात्र अक्षर अक्षर जुळवते. एकाखाली एक ओळी, तिनं हाताला आली ती दाबली. तिच्या फोनमधून निरोप गेला, म्हणजे तिच्या लेखी जगातून गेला. असं चुकून पुसलेलं परत आणायला पाच सेकंद मिळतात. पाच सेकंदांत मावशीचा चष्मासुद्धा सापडत नाही.

रविवारी जाऊन मी ॲपची भाषा मराठी केली. माझाच एक मेसेज दाबून धरायला लावला, ओळ वाचायला सांगितली.

"माझ्यासाठी हटवा," तिनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी कशाला गे? मी बघितलो की. त्या वन्संसाठी कुठं हाय ते दाखव."