वय 21 केलं, पण गल्ल्यावर काय?

तंबाखू आणि व्हेप (ई-सिगारेट) विकत घेण्याचं किमान वय 18 वरून 21 करायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: ज्याला मत देता येतं, करारावर सही करता येते, त्याला सिगारेट का घेता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हा बदल 18 ते 20 वयाच्यांना आवर घालण्यासाठी आहे. गल्ल्यावर अडतात ते तेच, हे खरं. पण कायद्याचा रोख असतो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या 15 ते 17 वयाच्या मुलांवर.

शाळकरी मुलाच्या हाती सिगारेट दोन वाटांनी पोचते. एक, तो स्वतः दुकानात जातो. दोन, ओळखीचा कुणीतरी मोठा आणून देतो. दुसरी वाट जास्त रुंद आणि जास्त बिनबोभाट. सोळा वर्षांच्या मुलाच्या ओळखीत अठरा वर्षांचे कितीतरी असतात: वरच्या वर्गातले, खेळाच्या संघातले, थोरल्या भावाचे मित्र. त्यांना राजरोस खरेदी करता येते तोवर धाकट्यांचा पुरवठा आटत नाही. मर्यादा 19 केली तरी साखळी जेमतेम ताणली जाते, तुटत नाही. एकवीस वर्षांचा माणूस मात्र सहसा त्या कंपूतून निघून गेलेला असतो.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 मध्ये 19, 21 आणि 25 अशा तिन्ही मर्यादा गणिती प्रारूपात घालून पाहिल्या. आजची मुलं प्रौढ होतील तेव्हा तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न बदलल्यास जितकं असेल त्याच्या तुलनेत, 19 ने सुमारे 3 टक्के, 21 ने 12 टक्के आणि 25 ने 16 टक्के कमी होईल, असं उत्तर आलं. उडी कुठे आहे ते बघा: 19 ते 21 या दोन वर्षांत 9 टक्के मिळतात, पुढच्या चार वर्षांत फक्त 4. सवय सुरू होण्यावरचा सर्वात मोठा परिणाम 15 ते 17 याच वयोगटात अपेक्षित होता. रोज सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळपास 90 टक्के लोकांनी पहिला झुरका 19 च्या आत मारलेला असतो, हे लक्षात घेतलं तर 21 हा आकडा कुणाच्या लहरीने आलेला नाही हे कळतं.

कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षातलं सगळ्यात जुनं उदाहरण मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅमचं. तिथे 2005 मध्ये मर्यादा 21 झाली, आजूबाजूला ती कमीच राहिली. 2006 ते 2010 या काळात, मागच्या 30 दिवसांत सिगारेट ओढलेल्या हायस्कूलच्या मुलांचं प्रमाण नीडहॅममध्ये 13 टक्क्यांवरून 7 वर आलं. शेजारच्या 16 गावांत 15 वरून 12 वर. 18 वर्षांखालच्यांनी दुकानातून सिगारेट विकत घेण्याचं प्रमाण नीडहॅममध्ये 18.4 वरून 11.6 टक्क्यांवर उतरलं, शेजारी 19.4 वरून 19.0. म्हणजे शेजारी जवळपास हललंच नाही. पलीकडच्या गावात जाऊन घेता येत असतानाही हा फरक पडला. सोळाव्या-सतराव्या वर्षीची सिगारेट हा बेत करून केलेला उद्योग क्वचितच असतो. जवळ मिळाली तर ओढली, नाही तर राहिली, असाच तो मामला. इंग्लंडने 1 ऑक्टोबर 2007 ला मर्यादा 16 वरून 18 केली तेव्हाही 16-17 वयाच्यांत धूम्रपानाचं प्रमाण 23.7 टक्क्यांवरून 16.6 वर आल्याचं नोंदलं गेलं.

आता दुसरी बाजू, जी वय वाढवा म्हणणारे फारशी सांगत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्येच दुकानांवर कडक नजर ठेवून केलेला एक प्रयोग 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत तपासणी झाली तिथले 82 टक्के विक्रेते शेवटी कायदा पाळू लागले, इतर गावांत 45 टक्के. देखणा निकाल. पण मुलांना विचारलं तर सिगारेट मिळणं फारसं अवघड झालेलं नव्हतं, ओढण्याचं प्रमाणही घटलं नव्हतं.

याचं उत्तर साध्या संभाव्यतेत आहे. समजा एखाद्या भागात दहा दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानात अल्पवयीन मुलाला माल मिळण्याची शक्यता 18 टक्के आहे. दहाही दुकानं पालथी घातली तर निदान एका ठिकाणी मिळण्याची शक्यता 86 टक्के होते. शक्यता 5 टक्क्यांवर आणली तरी 40 टक्के उरते. 1 टक्क्यावर आणली की मग ती 10 च्या खाली जाते. आणि मुलांना दहा दुकानं फिरावीही लागत नाहीत. कुठला गल्ला सैल आहे ही बातमी एका मधल्या सुट्टीत सगळीकडे होते. म्हणून 80 टक्के दुकानदार कायदा पाळतात हे वाक्य अहवालात शोभून दिसतं, मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ शून्य. अमेरिकेत 1992 च्या सायनार दुरुस्तीने राज्यांना उल्लंघनाचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आत ठेवायची अट घातली, न पाळल्यास केंद्राचा निधी कापायची तरतूद केली. 1997 मधलं 40 टक्क्यांचं सरासरी प्रमाण 2013 पर्यंत 10 च्या खाली आलं. खाली आणता येतं, पण त्याला दीड दशक लागलं.

मग गल्ल्यावर नेमकं काय चुकतं? पहिली चूक म्हणजे चेहऱ्यावरून वय ओळखायला जाणं. त्यात चार-पाच वर्षांची गफलत सहज होते, आणि दाढी राखलेला सतरा वर्षांचा मुलगा पंचविशीचा वाटू शकतो. म्हणून विचारण्याची रेषा कायद्याच्या रेषेपेक्षा बरीच वर ठेवतात. ब्रिटनमध्ये मर्यादा 18 असताना पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र मागायची पद्धत आहे. अमेरिकेत मर्यादा 21, आणि 30 सप्टेंबर 2024 पासून 30 वर्षांखालच्या प्रत्येकाचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र पाहणं बंधनकारक आहे. नऊ वर्षांची ही फट मुद्दाम ठेवलेली आहे.

दुसरी चूक ऐकून हसू येईल: ओळखपत्र मागितलं जातं, पाहिलं जातं आणि तरी माल दिला जातो. कारण वजाबाकी. विक्रेता चालू सालातून जन्मसाल वजा करतो. 3 मे 2026 रोजी 14 नोव्हेंबर 2005 ची जन्मतारीख समोर आली की तो 21 मोजतो; खरं वय 20. रांग लागलेली असताना महिना आणि दिवस कोण बघतो? उपाय अगदी साधा आहे. गल्ल्यावर रोज बदलणारी पाटी ठेवायची: ‘3 मे 2005 किंवा त्याआधी जन्मलेल्यांनाच’. विक्रेत्याने वय मोजायचंच नाही, दोन तारखा शेजारी ठेवून बघायच्या. 29 फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं वय बिगर-लीप वर्षात कधी पूर्ण धरायचं, तेही नियमात लिहून टाकावं. नाहीतर वाद गल्ल्यावर होतो.

बिलाचं यंत्र जन्मतारीख मागत असेल तर तिसरी खोट तिथे निघते. घाईतला विक्रेता दरवेळी एकच ठोकळ तारीख टाकून पुढे जातो. महिन्याच्या नोंदी काढून एकच जन्मतारीख शंभरदा आलीय का हे पाहिलं तर दोन मिनिटांत कळतं. ओळखपत्र स्कॅन केल्याशिवाय बिल न होणं हा यावरचा पक्का मार्ग. मात्र स्कॅनरने वय तपासून माहिती टाकून द्यावी, साठवू नये.

आणि चौथी, सगळ्यात चिवट: ओळखीचं गिऱ्हाईक. रोज वही-पेन घ्यायला येणाऱ्या मुलाला नाही म्हणणं अनोळखी मुलाला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी जड जातं. तपासणीचे आकडे प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसतात ते यामुळेच, कारण तपासणीसाठी खरेदी करायला पाठवलेलं पोर अनोळखी असतं.

या तपासणीची पद्धतही नीट असावी लागते. पाठवलेला मुलगा किंवा मुलगी मर्यादेपेक्षा निदान वर्षभराने लहान हवी, मोठं दिसण्यासाठी नटवलेली नको. वय विचारलं तर खरं सांगायचं, खोटं ओळखपत्र दाखवायचं नाही, आग्रह धरायचा नाही. पालकांची लेखी संमती आणि नजरेच्या टप्प्यात एक प्रौढ, या दोन गोष्टींना सूट नाही. नोटांचे क्रमांक आधी लिहून ठेवायचे. दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडायची, नाहीतर रस्त्यालगतचीच तपासली जातात. वेळ शाळा सुटल्यानंतरची, कारण खरी विक्री तेव्हाच होते. आणि तीच फेरी वर्षातून एकदा केली तर दुकानदार तेवढा महिना सांभाळून काढतो; दोन-तीनदा, न ठरवता, हे बरं.

पकडल्यावर शिक्षा कुणाला, यावर निम्मा कायदा उभा असतो. पगारी नोकराला दंड केला की मालक नोकर बदलतो आणि धंदा तसाच चालू राहतो. मुलालाच दंड करणारे कायदेही अनेक ठिकाणी झाले. त्यांनी विक्रेत्याची जबाबदारी मुलाच्या गळ्यात घातली, आणि व्यसन लागलेलं पोर मदत मागायच्या ऐवजी लपायला लागलं. मालकाला टोचतं ते परवान्याचं निलंबन. त्यासाठी मुळात तंबाखू विकायला वेगळा परवाना असायला हवा. तो नसेल तर कुठली दुकानं तपासायची याची यादीच नसते, आणि काढून घ्यायलाही हातात काही नसतं. वय वाढवण्याच्या घोषणेत हा भाग बहुधा गाळलेला असतो. माझ्या मते परवान्याशिवाय 21 करण्यापेक्षा परवान्यासह 18 ची मर्यादा जास्त काम करेल.

व्हेपच्या बाबतीत भांडण व्याख्येचं. कायद्यात ‘तंबाखूजन्य पदार्थ’ एवढंच लिहिलं तर प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटिन त्यातून निसटतं, कारण त्यात तंबाखूचं पानच नाही. अमेरिकेत ही पळवाट वापरली गेली आणि 2022 मध्ये कायदा बदलून बुजवावी लागली. ‘निकोटिन असलेले’ असं लिहिलं तर निकोटिनविरहित म्हणून विकला जाणारा व्हेप सुटतो, आणि आत काय आहे हे गल्ल्यावर कुणालाच तपासता येत नाही. म्हणून व्याख्येत उपकरण, रिकामा पॉड (द्रव भरायची कुपी), कॉइल (द्रव तापवणारी तार), द्रव, ओठाखाली ठेवायचे निकोटिन पाऊच हे सगळं नावानिशी यावं. क्रियापदही फक्त ‘विकणे’ नको. फुकट नमुने वाटणं आणि दुसऱ्यासाठी विकत घेणं त्यात यायला हवं. इंग्लंडमध्ये अल्पवयीनांसाठी सिगारेट विकत घेऊन देणं 2015 पासून गुन्हा आहे.

व्हेपचं वय एकट्याने वाढवू नये. अमेरिकेतल्या राज्यांनी ई-सिगारेटवर आधी वयाची अट घातली, तेव्हा 12 ते 17 वयोगटात सिगारेट ओढण्याचं प्रमाण 0.9 टक्के-बिंदूंनी जास्त राहिल्याचं 2015 च्या एका अभ्यासात दिसलं. एक दार लावलं की मुलं उघड्या दाराने जातात. दोन्हींची मर्यादा एकच आणि एकाच दिवशी.

ऑनलाइन विक्रीत ‘मी प्रौढ आहे’ या चौकटीवरची खूण म्हणजे तपासणी नव्हे. मागणी नोंदवताना एकदा आणि पार्सल हातात देताना पुन्हा एकदा, अशी दोनदा ओळख पटवावी लागते. दुसरी राहिली तर पहिलीचा उपयोग नाही; पार्सल दारात ठेवलं जातं आणि ते उचलतं कुणीही.

उरला प्रश्न अंमल कधीपासूनचा. अमेरिकेने 20 डिसेंबर 2019 ला सही झाली त्याच दिवशी 21 लागू केलं, आदल्या दिवशीपर्यंत कायद्याने घेणारा एकोणीस वर्षांचा माणूसही अडला. आयर्लंडने 2024 मध्ये कायदा करून अंमल फेब्रुवारी 2028 वर ठेवला, म्हणजे कायदा झाला तेव्हा ज्यांना हक्क होता ते तोवर एकवीस ओलांडतात. तिसरा मार्ग जन्मतारखेचा: मालदीवने 1 नोव्हेंबर 2025 पासून, 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच न विकण्याचा नियम आणला. न्यूझीलंडने असाच कायदा 2022 मध्ये केला आणि ती कलमं लागू होण्याआधीच 2024 मध्ये रद्द केली. गल्ल्याच्या दृष्टीने जन्मतारखेचा नियम सगळ्यात सोपा, कारण पाटीवरची तारीख कधीच बदलावी लागत नाही. पुढे चाळिशीतल्या माणसाला ओळखपत्र मागावं लागेल हा त्याचा त्रास, पण तो दोन दशकांनंतरचा.

अशा कायद्याचा मसुदा वाचताना एक ओळ जरूर शोधा: सिगारेट सोडवण्यासाठीचा निकोटिन गम आणि पॅच या मर्यादेतून वगळलेत का? व्याख्या ‘निकोटिन असलेले कोणतेही उत्पादन’ अशी सरसकट असेल, तर कायदा लागू होईल त्या दिवशी आधीच व्यसन लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सिगारेटही मिळणार नाही आणि ती सोडायचं औषधही. तो मग सैल गल्ला शोधत जाईल.