आमची वाटचाल : नोझलच्या आवाजापासून रेलच्या प्रेशरपर्यंत

१९९१ साली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, दहा बाय चौदाच्या गाळ्यात आम्ही डिझेल गाड्यांचे पंप आणि नोझल दुरुस्त करायची पंप रूम सुरू केली. आम्ही म्हणजे मी आणि चाचा. चाचा मिरजेचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. ट्रकच्या पंपांवर त्यांची उभी हयात गेलेली. वडिलांनी कारखान्याचं त्या वर्षीचं उसाचं बिल जसंच्या तसं माझ्या हातावर ठेवलं, त्यातून पंप चढवून तपासायची एक जुनी टेस्ट बेंच आणि एक नोझल टेस्टर आला. पैसा माझा, हात त्यांचे. भागीदारीचा कागद कधी केला नाही. शनिवारी संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि निम्मा-निम्मा करायचा. चाचा थांबले त्या दिवसापर्यंत हाच हिशेब चालला.

त्या नोझल टेस्टरविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. एक हँडल, एक गेज, वर डिझेलची छोटी वाटी. हँडल दाबलं की नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, बोलते. चांगली नोझल कुरकुरत धुक्यासारखा फवारा टाकते आणि बंद झाल्यावर तिचं टोक कोरडं राहतं. खराब नोझल आवाज करत नाही, नुसती ठिबकते. चाचा गेजकडे पाठ करून उभे राहायचे आणि कुरकुर ऐकून सांगायचे, "दहा कम है, शिम डाल." दाब दहानं कमी आहे, पातळ वॉशर घाल, असा अर्थ. मी गेज बघायचो, दहाच कमी असायचं. पंपात डिझेल दाबणाऱ्या एलिमेंटमधला दांडा (प्लंजर) आणि त्याची नळी (बॅरल) यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. एवढ्या बारीक कामाला बसणाऱ्या माणसाचे हात धुतलेले पाहिजेत आणि कापडाला दशा नकोत. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पोराला पहिला महिना हेच शिकवलं. जाता जाता एक सांगतो: फवाऱ्यापुढे हात धरून 'बघू प्रेशर' करणारे मिस्त्री मी आजही बघतो. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून बोट सडतं. करू नका.

पुढची दहा-अकरा वर्षं बरी गेली. काम होतं, पैसे येत होते.

मग कॉमन रेल आलं: एकाच नळीत चढ्या दाबाचं डिझेल भरलेलं, आणि त्यातूनच सगळे इंजेक्टर, म्हणजे नोझल बसवलेले फवारे, डिझेल घेणार. आपल्याकडे २००२ मध्ये कॉमन रेलवाली ॲक्सेंट सीआरडीआय आली तेव्हा चाचा म्हणाले, "ही गाडी आपल्या बेंचवर चढायची नाही." खरंच होतं. जुना पंप दोनशे बारच्या आसपास नोझल उघडायचा, इथे रेलमध्ये हजार बारच्याही वर प्रेशर, आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे ठरवणार ईसीएम, म्हणजे गाडीतला कंप्युटर. २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली तशा पांढऱ्या कॉलरवाल्यांच्या गाड्याही दारात यायला लागल्या. २००९ मध्ये मी कर्ज काढून कॉमन रेलची बेंच घेतली, मागच्या गाळ्यात काचेची खोली केली, एसी लावला. चाचांनी त्या खोलीत पाय ठेवायच्या आधी चप्पल बाहेर काढली. पुढच्याच वर्षी त्यांची नजर कमी झाली आणि ते मिरजेला परत गेले.

वेळ चांगली होती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात, म्हणून कमी राहिले. मधल्या चार वर्षांत जो तो डिझेल गाडी घेत होता. महिन्याला पाचशे किलोमीटर न चालणारेही घेत होते.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे सहा वर्षं काम शिकलेला एक मुलगा २०१२ मध्ये आमच्याच गल्लीच्या तोंडाला गॅरेज टाकून बसला. नाव घेणार नाही. शिकलेल्यानं स्वतःचं करावं, त्यात मला वाईट वाटलं नाही. शुभारंभाला नारळ मीच फोडला. त्याच्याकडे बेंच नव्हती, ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर होता. इंजेक्टर तो आमच्याकडेच पाठवायचा. पण गाडीला लाईट लागली की स्कॅनर लावायचा, जो कोड दिसेल त्या नावाचा पार्ट बदलायचा. रेल प्रेशर कमीचा कोड आला की रेल सेन्सर. परत आला की पंप. अहो, पी ००८७ हा कोड एवढंच सांगतो की मागितलं तेवढं प्रेशर मिळत नाही. का मिळत नाही, ते माणसानं शोधायचं. फिल्टर चोंदला असेल, पाइप एअर धरत असेल, इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल सोडत असेल, पंपात डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असेल, पंप थकला असेल. कोड सगळ्यांना एकच.

२०१५ च्या फेब्रुवारीत त्याच्याकडे एका ट्रॅव्हल्सवाल्यांची सात सीटर आली. तक्रार अशी की रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढायला लागली की पिकअप जातो, लाईट लागते आणि गाडी बंद. थोडं थांबून सेल्फ मारला की चालू. गावात काही नाही. त्यानं सेन्सर बदलला, फिल्टर दोनदा बदलला, व्हॉल्व्ह बदलला. मग चारही इंजेक्टर आमच्याकडे आले. दोन जास्त रिटर्न करत होते, आम्ही दुरुस्त केले, रिपोर्ट छापून दिला. गाडी परत बंद पडली. मग पंप आला. तोही आम्ही उघडून, सील बदलून, बेंचवर तपासून दिला. मे महिन्यात तीच गाडी लग्नाचं वऱ्हाड घेऊन रात्री अकराला घाटाखालच्या साखरप्याच्या वर, चढणीत बंद पडली.

दुसऱ्या दिवशी मालक, चार ड्रायव्हर आणि तो, असे सगळे आमच्या दारात. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आमचं फिटिंग बरोबर हाय. पंप रूमचं कामच कच्चं हाय." ज्या हातांना पाना धरायला मी शिकवलं, त्या हातानं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. मी पंप आणि इंजेक्टर उतरवून घेतले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बेंचवर चढवले. आकडे रिपोर्टप्रमाणेच आले. कागद पुढे केला, एकानंही हातात घेतला नाही. मालकाचा आवाज चढत होता, शेजारचे कारखानदार बाहेर येऊन बघत होते. मी अडतीस हजार रुपये परत दिले.

ती माझी चूक. पैसे परत दिले म्हणजे खोट कबूल केली, असंच सगळ्यांनी धरलं. ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर आठ दिवसांत सांगली-निपाणीपर्यंत गेलं. आठवड्याला साठ इंजेक्टर यायचे ते दहावर आले. जूनमध्ये दोन पोरांना 'दुसरीकडे बघा' म्हणावं लागलं. दोघांचीही लग्नं त्याच वर्षी झालेली. बँकेचे तीन हप्ते थकले. बेळगावचा एक दलाल येऊन बेंचचा फोटो काढून गेला, किंमत सांगितली ती ऐकून बायको आतल्या खोलीत गेली. काचेच्या खोलीतला एसी मी वीजबिलासाठी बंद ठेवत होतो.

आमचे बापू तेव्हा नसते तर हा मजकूर लिहायला मी नसतो. बापू शाहू मार्केट यार्डातले गुळाचे अडतदार. १९९४ मध्ये त्यांच्या जीपचा पंप चाचांनी केला होता, तेव्हापासून त्यांची प्रत्येक गाडी आमच्याकडे. लेक रत्नागिरीला दिलेली, त्यामुळे आंबा घाट त्यांचा पाठ. त्यांनी ऐकलं सगळं, मला काही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये एके सकाळी तीच सात सीटर चालवत आले. ट्रॅव्हल्सवाल्यांनी कंटाळून पडेल भावात काढली होती, बापूंनी विकत घेतली होती. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "आता ही माझी गाडी. घाई न्हाई. पण काय ते शोधूनच दे, मोघम सांगू नको."

मी आधी मिरजेला चाचांना फोन केला. ते म्हणाले, "कंप्युटरचं मला कळत नाही रे. पण बंद पडल्यावर किती वेळानं चालू होते, ते घड्याळ लावून बघ." आम्ही कुणीच ते बघितलं नव्हतं.

फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, पारदर्शक नळी घातली, तिथेच पंपाची ओढ दाखवणारा व्हॅक्यूम गेज जोडून नळी काढून केबिनमध्ये घेतलं. लॅपटॉपवर रेल प्रेशर लावलं. मी, माझा मुलगा आणि बापू असे रत्नागिरीच्या बाजूनं घाट चढायला निघालो. साखरप्यापर्यंत गेजची सुई तीन इंचांवर गप्प. चढण लागली तशी पाचवर, आठवर. नळीत बुडबुडा एक नाही, म्हणजे एअर नाही. एका वळणावर सुई पंधराच्या पुढे गेली. लॅपटॉपवर मागणी अकराशे बार, मिळतात सातशे, मग चारशे, आणि गाडी बंद. पाऊस पडत होता. मी गेजकडे बघत होतो. सुई सरळ शून्यावर पडली. दोन मिनिटांत सेल्फ मारला, गाडी एका दणक्यात चालू. गरम होऊन बंद पडणारा पार्ट दोन मिनिटांत थंड होत नाही. पंप ओढत होता, पुढून कोणीतरी तोंड दाबत होतं, आणि ओढ थांबली की सोडून देत होतं.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. 'टाकी साफ केलीय' असं आम्हाला दोनदा सांगितलं होतं. ती उतरवलेलीच नव्हती, बोल्टांवरची माती तशीच होती. आत, पंप जिथून डिझेल ओढतो त्या सक्शनच्या जाळीखाली, रुपयाएवढी गोल चंदेरी चकती तरंगत होती. डिझेलमध्ये टाकायच्या औषधाच्या बाटलीचं सील. बूच उघडल्यावर अर्धवट फाडलेलं, ओतताना आत पडलेलं. घाटात ओढ वाढली की जाळीला चिकटायचं. त्या बाटल्या कुठल्या गॅरेजच्या काउंटरवर रांगेनं मांडलेल्या असायच्या, हे उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे. पिकअप नाही म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीत तो एक बाटली ओतायचा.

बापूंनी चकती हातात घेऊन बघितली आणि दिवसभर गाडी घेऊन फिरले, भेटेल त्याला दाखवत. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सवाल्यांच्या ऑफिसात जाऊन त्यांच्याही टेबलावर ठेवली. ते मालक मला आजवर एक शब्द बोललेले नाहीत. तो मुलगाही नाही. वाटेत भेटला की खाली बघून जातो. अडतीस हजारांचं मला काही नाही, ते सोडून दिले. पण जी गोष्ट दहा जणांसमोर म्हटली ती चुकली होती, एवढं एकदा दहा जणांसमोर म्हणायला हवं होतं. दहा वर्षं झाली, मी वाट बघतोय.

काम परत यायला दीड वर्ष लागलं. सोडून गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. २०१९ च्या महापुरात पाण्यात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती, रात्रंदिवस टाक्या उतरवत होतो. तेव्हाही सांगत होतो, आताही सांगतो: बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस सहा नियम आला, सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ज्यांची गाडी घर ते बाजार एवढीच चालते त्यांनी डिझेल घेऊ नये, काजळी जळायला गाडी तापून सलग पळावी लागते. घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा हायवेला कागलपर्यंत नेऊन आणा. पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी सोडा. इंजेक्टर उतरला की खालचं तांब्याचं वायसर नवीनच घाला, पाच-पन्नास रुपयांसाठी जुनं घालून डांबर जमवू नका. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरला का, हे स्वतः विचारा. आणि तोच दोष तिसऱ्यांदा आला तर चौथा पार्ट घेऊ नका; गाडी कधी, कुठे, किती वेळानं बंद पडते हे वहीत लिहून मिस्त्रीपुढे ठेवा.

चाचा २०१८ मध्ये गेले. त्यांचा नोझल टेस्टर काचेच्या खोलीत, नव्या बेंचशेजारी आहे. ती चकती नोझल येते त्या प्लास्टिकच्या डबीत घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

बापू आता ऐंशीच्या घरात आहेत, गाडी नातू चालवतो. मागच्या महिन्यात फिल्टर बदलायला आली, दोन लाख नव्वद हजार किलोमीटर झालेत, पंप आणि इंजेक्टर तेच, आमचेच. माझ्या मुलानं कुणी न सांगता सक्शनला गेज लावला. सुई तीनवर होती.