उदाहरणांतला तिसरा शब्द

२०२० च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेच्या दक्षिण भागात जनगणनेचा प्रगणक म्हणून काम करीत होतो. ज्यांनी टपालाने, फोनवरून किंवा इंटरनेटवरून उत्तर पाठवले नव्हते, त्यांचीच दारे आमच्या वाट्याला येत. गोपनीयतेची शपथ आजन्म बांधून ठेवते, म्हणून गाव किंवा माणूस ओळखू येईल असे येथे काही लिहीत नाही.

त्या दुपारी एका वृद्ध गृहस्थांनी ओसरीतच उभे राहून उत्तरे दिली. त्यांनी वंश ‘श्वेतवर्णीय’ सांगितल्यावर मूळ कोणते, हे विचारायचे होते. या वेळच्या प्रपत्रात त्यापुढे ‘जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, लेबनीज, इजिप्शियन’ अशी उदाहरणे होती. उन्हाने आणि मास्कने मी कंटाळलो होतो आणि उदाहरणे गाळून नुसता प्रश्न विचारला. ते क्षणाचाही विलंब न लावता ‘अमेरिकन’ म्हणाले. प्रश्न छापला आहे तसा वाचायचा, हा आमचा पहिला नियम मोडल्याची मला टोचणी लागली, म्हणून मी क्षमा मागून तो उदाहरणांसह पुन्हा वाचला. तिसऱ्या शब्दाशी त्यांनी मला थांबवले आणि आपले पूर्वज इंग्लंडहूनच आल्याचे, मात्र हे आजवर कोणी विचारले नसल्याचे सांगितले. मी ‘इंग्लिश’ असे लिहिले.

घरी येऊन मी जुने आकडे काढले, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीत. १९८० मध्ये वंशमूळ पहिल्यांदा विचारले गेले, तेव्हा उदाहरणांत ‘इंग्लिश’ होते आणि सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांनी ते सांगितले. १९९० मध्ये ते उदाहरणांतून गेले, ‘जर्मन’ अग्रस्थानी आले. इंग्लिश ३ कोटी २७ लाखांवर उतरले आणि जर्मन ५ कोटी ७९ लाखांवर चढले. २००० मध्ये ‘जर्मन’ही वगळले, तेव्हा तेही ४ कोटी २८ लाखांपर्यंत घसरले, इंग्लिश २ कोटी ४५ लाख उरले, आणि मूळ म्हणून ‘अमेरिकन’ सांगणारे २ कोटींच्या पुढे गेले. दहा वर्षांत कोट्यवधी माणसांचे पूर्वज बदलत नाहीत. पुढे २०२३ मध्ये २०२० चे आकडे जाहीर झाले आणि ‘इंग्लिश’ सुमारे ४ कोटी ६६ लाखांसह जर्मनांच्या पुढे पहिल्या क्रमांकावर होते. प्रश्नाची जागा आणि नोंदींचे संकेतन (लिहिलेली उत्तरे गटांत बसवण्याची पद्धत) दोन्ही या वेळी बदलले होते, त्यामुळे जुन्या आकड्यांशी सरळ तुलना योग्य नाही, हे मान्य; तरीही ‘इंग्रज वाढले’ असे लिहिणाऱ्यांनी प्रपत्र एकदा हातात घ्यायला हवे होते.

माझा एक सहकारी मिळालेले पहिले उत्तर नोंदवून पुढच्या दाराकडे वळत असे. तो मला आळशी वाटे, आणि नियमाच्या दृष्टीने तो चुकतच होता. पण ज्यांचे घराणे इतक्या पिढ्या त्याच मातीत राबले, त्या माणसाच्या तोंडून आपणहून आलेला शब्द ‘अमेरिकन’ होता. दुसरा शब्द मी वाचून दाखवल्यावर आला. माझ्या स्वतःच्या प्रपत्रावर ‘भारतीय’ हा चौकोन आयताच छापलेला होता, त्यामुळे ‘मराठी’ लिहावे की काय, असा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

दोन्ही उत्तरे त्या गृहस्थांनी मनापासून दिली होती, याबद्दल मला शंका नाही. उत्तरे नोंदवण्याच्या माझ्या फोनवर मात्र रकाना एकच होता. ‘अमेरिकन’ खोडून मी ‘इंग्लिश’ टंकले, आणि पहिल्या उत्तराची खूण कोठेही उरली नाही.