सेट-सेट-सेट

स्मरणिकेसाठी मनोगत हवं, असं संपादक मंडळाने कळवलं. घंटा, फळा, सहली यांवर बाकीचे माजी विद्यार्थी भरभरून लिहितीलच. मी क्रियापदांच्या तक्त्यातली एकच ओळ उचलतो. गो-वेन्ट-गॉन घोकताना जीभ अडखळायची. कट-कट-कट, पुट-पुट-पुट, सेट-सेट-सेट म्हणजे फुकटचे गुण. भाषांतराच्या धंद्यात पडलं की कळतं, त्या तक्त्यातला सगळ्यात चिवट गडी हा 'सेट'च.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती : सुमारे ६०,००० शब्द आणि ४३० अर्थ. पुढे सुधारित आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकलं. पण आकड्यांनी दबून जायचं कारण नाही, कारण या शब्दाची किल्ली मराठी माणसाच्या खिशातच आहे.

क्रियापद 'सेट' हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणे-बसवणे, तसंच सिट-सेट. त्यामुळे हाड बसवणं, अंगठीत खडा बसवणं, कवितेला चाल बसवणं, विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवणं, या सगळ्याला इंग्रजीत 'सेट' चालतं. जिथे बसवणे जमत नाही तिथे लावणे बघावं : गजर, सापळा, आग, एखाद्याला कामाला. चारही ठिकाणी 'सेट'. उरलेल्यांना मराठीने वेगवेगळी क्रियापदं वाटून दिली आहेत. तारीख ठरवतात, जेवणाचं टेबल मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, आदर्श घालून देतात. कोशातला पहिला अर्थ उचलून 'आदर्श स्थापित केला' लिहिणाऱ्याला मी काठावरही पास करणार नाही.

संच या अर्थाचं नाम मात्र दुसऱ्या घरातून आलं. लॅटिन 'सेक्ता', म्हणजे अनुयायांचा पंथ; तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. 'सेक्ट' हा शब्द त्याचाच भाऊबंद. पुढे दोन्ही 'सेट' एकमेकांत इतके मिसळले की आज वेगळे काढणं कठीण. गणितातला संच या दुसऱ्या घरातला धरावा. तिथे क्रमाला किंमत नाही आणि १, २, २, ३ लिहिलं तरी घटक तीनच.

पण प्रत्येक नाम संच नसतं, आणि खरी फजिती इथेच होते. सुतारकामाच्या पुस्तिकेत करवतीच्या दातांचा 'सेट' तपासा असं असतं. त्याचं 'दातांचा संच तपासा' झालं की सुताराने दात मोजत बसायचं का? दात आळीपाळीने एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्या वाकाला 'सेट' म्हणतात. त्यामुळे कापाची फट पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पातं मोकळं चालतं. वाक कमी पडला तर करवत लाकडात अडकते, तापते. जास्त झाला तर भुसा वाढतो, ताकद वाया जाते आणि काप खडबडीत येतो. एका बाजूला जास्त असला तर काप त्याच बाजूला ओढला जातो. एवढं कळलं की 'दातांचा वाक' हे साधे शब्द आपोआप सुचतात.

सिमेंट 'सेट' होतं याचं भाषांतर 'वाळतं' करणं ही तशीच चूक. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. म्हणून तर नंतर त्यावर पाणी मारत राहतात. शिवाय 'सेट' होणं म्हणजे फक्त मऊपणा जाणं, आणि ते काही तासांत होतं. ताकद पुढे कितीतरी दिवस वाढत राहते. तिची नेहमीची चाचणी २८ दिवसांनी घेतात. दोन्हीला 'घट्ट होणे' लिहिलं तर वाचणारा आजच्या स्लॅबवर उद्या वजन टाकेल.

दर्यावर्दी लोकांचा 'सेट' म्हणजे प्रवाहाची दिशा, आणि ती तो जिकडे वाहतो तिकडची. वाऱ्याचं नेमकं उलट : पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो, पण पश्चिमेचा 'सेट' असलेला प्रवाह पश्चिमेकडे जातो.

मागे शेपूट लागलं की हा शब्द आणखी बिलंदर होतो. 'सेट अप' म्हणजे उभारणं, आणि माणसाला 'सेट अप' करणं म्हणजे त्याला अडकवणं. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, आणि हिशेबात येणं-देणं परस्पर वळतं करणं. सगळ्यात महाग पडतो तो 'सेट असाइड'. पैशांच्या बाबतीत बाजूला काढून ठेवणं, पण वरच्या कोर्टाने खालचा आदेश 'सेट असाइड' केला म्हणजे तो रद्द ठरवला. 'आदेश बाजूला ठेवला' असं छापलं तर वाचकाला वाटतं, प्रकरण अजून लोंबकळतंय.

आता पुन्हा तक्त्याकडे. तिन्ही रूपं सारखी, म्हणून काळ बाहेरून शोधावा लागतो. कर्ता 'ही' किंवा 'शी' असून शेवटी 'स' नसेल तर भूतकाळ. कर्ता 'आय' किंवा 'दे' असेल तर कालवाचक शब्द हुडकावा. तोही नसेल तर आधीचं-नंतरचं वाक्य वाचावं. मोबाइल ॲपच्या भाषांतरात तेही हाताशी नसतं. भाषांतरासाठी आलेल्या यादीच्या एका चौकटीत नुसतं 'पासवर्ड सेट' येतं. बटण असेल तर 'पासवर्ड ठरवा', काम झाल्याचा निरोप असेल तर 'पासवर्ड ठरवला'. इंग्रजीत रीतसर आज्ञा असती तर 'सेट' आधी आला असता, म्हणून कौल निरोपाकडे. पण बटणावर जागा वाचवण्यासाठी लोक शब्द कसेही फिरवतात. अशा वेळी अंदाज बांधू नये. त्या पडद्याचं चित्र मागवावं, आणि ते येईपर्यंत चौकट रिकामी ठेवावी.